पातळ लाटदार केस, पावसाळी हवा आणि जटेचा धाक

आषाढी पौर्णिमा झाली, वर्षावास सुरू झाला. विहारात जायचे म्हणून आईने सकाळीच पोरीचे केस धुतले, चापून विंचरले, दोन वेण्या घातल्या, पांढरा ड्रेस घातला. वंदना आटोपून बाहेर पडेपर्यंत रिमझिम सुरू झाली. घरी येईतो कपाळावरचे केस पिंजल्यासारखे उभे राहिले आणि मानेजवळ एक बट गुंतून गाठ बसली. आजीने त्या गाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "बाई, हिला जट तर धरत नाही ना?"

आणि घर गप्प झाले.

आजीच्या या एका वाक्यासाठी आजचे हे पान आहे. ज्या मुलींचे केस पातळ, मऊ आणि किंचित लाटदार असतात, त्यांचे केस हवा बदलली की हमखास फुगतात आणि गुंततात. त्यामागे कोणाचा कोप नाही, पोरीचा निष्काळजीपणाही नाही. ती केसाची घडण आहे. ती समजून घेतली तर रोजचे विंचरणे सोपे होते, पैसे वाचतात आणि जटेचा धाकही आपोआप सुटतो.

आपले केस पातळ आहेत की विरळ?

बहुतेकांची इथे गल्लत होते. डोक्यावर केस कमी असणे म्हणजे विरळ. एकेक केस बारीक असणे म्हणजे पातळ. डोकेभर दाट केस असूनही प्रत्येक केस पातळ असू शकतो.

घरी ओळखायची रीत अशी. गळलेला एक केस घ्या, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरून फिरवा. शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवला तर केस जाड. हातात काही आहे की नाही असे वाटले तर पातळ. मग धुतलेले केस न विंचरता, हात न लावता वाळू द्या. ते सरळ न पडता इंग्रजी 'एस'सारखी सैल वळणे घेत असतील तर लाटदार. असे केस आपल्या वस्तीत पुष्कळ जणींचे असतात. लहानपणापासून तेल लावून घट्ट वेणी घातलेली असते, त्यामुळे आपल्या केसाला लाट आहे हेच अनेकींना ठाऊक नसते. 'माझे केस नुसते विस्कटलेले' एवढेच त्या म्हणतात.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि रोज पन्नास ते शंभर केस गळणे ही नेहमीची गोष्ट आहे. कंगव्यात केस दिसले म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही.

हवा बदलली की केस का फुगतात?

कांजी केलेली सुती साडी आठवा. कडक इस्त्री केली की घडी तशीच राहते. पण पावसाचे चार थेंब पडले की घडी मोडते, आणि साडी जशी चुरगळली तशीच वाळते. केसाचेही तसेच आहे.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाच्या धाग्यांमध्ये बारीक बारीक बंध असतात. त्यातले काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. म्हणून ओल्या केसाला जो आकार द्याल, तो वाळल्यावर टिकतो. रात्री ओलसर केसांची वेणी घातली तर सकाळी केसांना नागमोडी वळण येते, ते याच कारणाने.

पाणी नळातूनच यायला हवे असे नाही. पावसाळ्यात हवेतच पाणी असते आणि केस ते शोषून घेतो. १७८३ साली ओरास बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने हवेतला दमटपणा मोजायचे यंत्र प्रसिद्ध केले. त्यात मुख्य भाग होता माणसाचा केस! हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्यावर काटा हलतो. म्हणजे मुंबईत बसून पाऊस यायच्या आधीच पोरीचे केस फुगले, तर ते बिघडलेले नाहीत. ते हवा मोजत आहेत.

लाटदार केसात प्रत्येक केसाचे वळण थोडे वेगळे असते. दमट हवेत जुने बंध सुटले की एक केस इकडे वळतो, दुसरा तिकडे. शेजारचे केस एकमेकांना धरून राहत नाहीत आणि डोक्याभोवती पिंजलेला कापूस दिसू लागतो. केस पातळ असेल तर हे लवकर घडते, कारण त्याला स्वतःचे वजन नसते.

उलट थंडीत किंवा नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात केसातले पाणी हवा ओढून घेते. मग कंगवा फिरवला की चटचट आवाज येतो आणि केस कंगव्याला चिकटून वर उठतात. ती घर्षणाने तयार झालेली वीज असते.

गुंता कसा होतो?

कौलारू घरावर कौले जशी एकावर एक बसवलेली असतात, तसे केसावर बारीक खवले असतात. मुळाकडून टोकाकडे त्यांची उतरण असते. कौले नीट बसलेली असली की पाणी निथळून जाते. केस ओला झाला, साबणाने खरखरीत झाला किंवा जोराने चोळला की हे खवले उचकटतात आणि शेजारच्या केसाच्या खवल्यात अडकतात. पातळ केस तर चटकन वाकून एकमेकांभोवती गुंडाळले जातात.

मेंढीच्या लोकरीला पाणी लावून ती चोळत राहिले की तिचा घट्ट नमदा होतो, तो पुन्हा सुटत नाही. डोक्यावरच्या जटेची घडण नेमकी अशीच असते. पुढे त्याविषयी बोलूच. आधी गुंता होऊच नये म्हणून काय करायचे ते पाहू.

एका बादलीत केस धुणे

वस्तीत पाण्याचा हिशेब करूनच सगळे करावे लागते. म्हणून ही रीत एका बादलीची आहे. पातळ केस मुळाशी लवकर तेलकट होतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा धुणे पुरेसे. घामाचे काम असेल तर तीनदा.

एक. धुण्याआधी अर्धा तास खोबरेल तेल लावा, पण अर्धा चमचाच. तेही मधल्या भागापासून टोकापर्यंत. खोबरेल तेल केसाच्या आत थोडे शिरते, त्यामुळे पाण्याने केस फुगणे कमी होते आणि तो कमी झिजतो. धुतल्यानंतर मात्र पातळ केसाला तेल थापू नका. केस चिकट दिसतात, त्यावर धूळ बसते आणि गुंता वाढतो.

दोन. कोरडे असतानाच बोटांनी मोठे गुंते मोकळे करा. मग केस भिजवा.

तीन. शाम्पूची लहान पुडी थेट डोक्यावर ओतू नका. अर्धी पुडी एका मगभर पाण्यात कालवा आणि ते पाणी फक्त टाळूवर घाला. बोटांच्या पेरांनी हलके चोळा, नखांनी नको. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घासू नका. फेस खाली ओघळतो, तेवढ्याने टोके स्वच्छ होतात.

चार. कंडिशनरची पुडी आणत असाल तर ती कानाच्या खालच्या केसांनाच लावा, टाळूला नाही. एक पुडी दोन वेळा पुरते. मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरण्याची हीच वेळ. आधी टोके मोकळी करा, मग मधला भाग, शेवटी मूळ. वरून खाली ओढत आणले की सगळे गुंते तळाशी जमून घट्ट बसतात.

पाच. पाण्याने धुऊन काढा. शेवटचा तांब्या शक्यतो चांगल्या पाण्याचा ठेवा.

हा शेवटचा तांब्या महत्त्वाचा आहे. बोअरचे किंवा टँकरचे पाणी बहुधा जड असते. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर जमतो, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही त्याची खूण. अशा पाण्यात अंगाचा किंवा कपड्याचा साबण केसाला लावला तर साबण आणि पाण्यातला चुना मिळून चिकट साका तयार होतो. तो केसावर बसतो आणि केस दोरखंडासारखे होतात. म्हणून केसांना साबणाची वडी लावू नका. शिकेकाईचे पाणी किंवा साधा शाम्पू चालेल. पाणी उकळून थंड केले की जडपणा काही अंशी खाली बसतो. ते वरचेवर ओतून तांब्याभर बाजूला ठेवा. त्यात अर्धे लिंबू पिळले तर केसावरचा साका सुटतो. डोक्यावर जखम किंवा खरचटलेले असेल तर लिंबू नको, आणि डोळे जपा.

वाळवणे आणि जवसाचे पाणी

खरखरीत टॉवेलने केस खसाखसा पुसणे, झटकणे हे पातळ केसाचे मोठे नुकसान. जुना सुती पंचा किंवा मऊ साडीचा तुकडा घ्या. केस मुठीत धरून खालून वर दाबत पाणी टिपा, चोळू नका.

आता विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात असणारी वस्तू काढा, जवस. चटणीसाठी आणलेल्या जवसातले दोन चमचे घ्या. दोन कप पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे बुळबुळीत झाले की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर गळत नाही. हे पाणी केसावर पातळ पापुद्रा धरते. शेजारचे केस एकमेकांना धरून राहतात आणि हवेतला ओलावा एकदम आत शिरत नाही. बाजारात महाग मिळणारे जेल हेच काम करते.

पातळ केसाला चमचाभर पुरते. ओल्या केसाच्या टोकांना लावा, मूठ मिटून केस वर दाबा आणि सोडा. मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळताना सारखे विंचरले तर लाट मोडते आणि केस फुगतात. वाळल्यावर कडक वाटले तर तळव्याने हलके चुरगळा, मऊ होतात. फ्रिज असेल तर हे पाणी आठवडाभर टिकते, नसेल तर एका दिवसात वापरा. वास आला की फेकून द्या.

ऋतूप्रमाणे बदल

पावसाळ्यात मुलींचे ओले केस तसेच घट्ट बांधून शाळेत पाठवले जाते. टाळू दिवसभर ओली राहते, वास येतो, कोंडा वाढतो, खाज सुटते. कोंडा वाढवणारी बुरशी तेलकट, दमट टाळूवर फोफावते. सकाळी धुऊन वाळायला वेळ नसेल तर आदल्या संध्याकाळी धुवा. शाळेची वेणी सैल घाला. रबराऐवजी कापडी रिबीन किंवा जुन्या साडीची पट्टी वापरा, कारण रबरात पातळ केस अडकून तुटतात. पावसात भिजून आल्यावर वेणी सोडा, पंच्याने टिपा, पंख्याखाली वाळवा. ओल्या केसावर झोपू नका.

ऑक्टोबरची हवा सगळ्यात लहरी. दुपारी ऊन भाजते आणि संध्याकाळी वीज कडाडून पाऊस येतो. याच दिवसांत आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जातो. गर्दी, धूळ, घाम आणि रात्रीचा प्रवास. निघताना केस धुऊन, जवसाचे पाणी लावून, सैल वेणी घालून त्यावर सुती रुमाल बांधा. मोकळे केस घेऊन रेल्वेच्या खिडकीत बसू नका. परत आल्यावर दमलो म्हणून वेणी तशीच चार दिवस ठेवू नका.

डिसेंबरात चैत्यभूमीला जाताना विदर्भात थंडी कोरडी असते आणि दादरला उतरले की समुद्राची दमट हवा. दोन दिवसांत केस दोन तऱ्हेने वागतात. थंडीत तळहातावर खोबरेलाचे दोन थेंब चोळून फक्त टोकांवरून हात फिरवा. समुद्रकाठी तेवढेही नको, वेणी पुरे.

उन्हाळ्यात डोक्याला ऊन लागू देऊ नका. पदर, ओढणी, रुमाल, काहीही चालेल. उन्हाने केसाचा रंग उडतो आणि टोके दुभंगतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा बोटभर टोके कापली की गुंता कमी होतो.

सरळ करण्याच्या नादाविषयी

लग्नसराईत अनेक मुली पार्लरमध्ये जाऊन हजारो रुपये देऊन केस सरळ करून घेतात. या औषधांपैकी काहींमधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा विषारी वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो. ते घेणाऱ्या मुलीला होते तसेच रोज लावणाऱ्या पार्लरवालीलाही. ग्लायऑक्झिलिक आम्ल असलेल्या काही औषधांनंतर किडनीला इजा झाल्याची प्रकरणेही डॉक्टरांनी नोंदवली आहेत. आणि एवढे करून मुळातून उगवणारा केस लाटदारच येतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नीटनेटके राहायला सांगितले. ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते ते टाकून द्या, असे सांगितले. त्यांचा रोख स्वच्छतेवर आणि स्वाभिमानावर होता. दुसऱ्या कोणासारखे दिसण्यासाठी आपल्या अंगाला इजा करून घेणे हा त्याचा अर्थ नव्हे. आपला केस जसा आहे तसा स्वच्छ आणि मोकळा ठेवणे हाच नीटनेटकेपणा.

आता जटेविषयी

बाळंतपण झाले, टायफॉइड झाला, मन खचले, महिनाभर केसाला कंगवा लागला नाही. पातळ केसात गुंता झाला. त्यावर तेल, धूळ, घाम आणि जड पाण्याचा साका बसला. आतून उवा झाल्या, खाजवून खाजवून गाठ आणखी घट्ट झाली. कुणीतरी म्हणाले, "देवीची जट आहे, कात्री लावू नका." मग त्यावर भंडारा आणि तेल पडू लागले. विंचरणे तर थांबलेच. सहा महिन्यांत नमदा तयार झाला. जट येते ती अशी.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. युरोपात पोलंडमध्ये अशा जटा इतक्या दिसत की डॉक्टरांच्या पुस्तकात त्यांना 'प्लायका पोलोनिका' म्हणजे पोलंडची जट हेच नाव पडले. ती कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असे तिथले लोकही मानत. क्राको शहरातल्या जोझेफ डिटल या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात या समजुतीविरुद्ध मोहीम घेतली आणि जट हा अस्वच्छतेचा परिणाम आहे हे लोकांना पटवले. तिथे यल्लम्मा नव्हती, तरी जट होती. आणि कंगवा-कात्री आली तशी ती गेली.

जटेने काय होते ते ज्यांनी वाहिली त्या बायांना विचारा. मान आखडते, डोके जड होते, एका कुशीवर झोप येत नाही, उवा आणि फोड होतात, वास येतो म्हणून लोक जवळ बसत नाहीत. मुलीची शाळा सुटते. आणि सर्वांत वाईट म्हणजे जट हे देवीचे बोलावणे मानून पोरीला सौंदत्तीला सोडण्याची, जोगतीण करण्याची वाट मोकळी होते. या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या मुली गेल्या हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याच गेल्या. जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे लाजिरवाणे जिणे सोडा असे स्पष्ट सांगितले होते. देवदासी सोडण्याला कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रातही बंदी आहे. कोणा मुलीबाबत असे घडत असल्याचे कळले तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा.

बुद्धांच्या काळीही जटा पवित्र मानत. उरुवेल कस्सप, नदी कस्सप आणि गया कस्सप हे तिघे भाऊ जटाधारी तापसांचे पुढारी होते. बुद्धांचा धम्म पटल्यावर त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी जटा कापून नदीत सोडल्या आणि ते संघात आले, असे विनयपिटकात सांगितले आहे. त्या जटांमुळे ते थांबले नाहीत आणि त्या कापल्यामुळे त्यांचे काही वाईटही झाले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात केसाच्या गुंत्यापुढे उदबत्ती लागत असेल तर कस्सप बंधूंची ही गोष्ट एकदा सगळ्यांनी बसून वाचावी.

गुंता, लहान जट, मोठी जट: काय करायचे?

गुंता ताजा असेल तर कात्रीची गरज नाही. त्यावर खोबरेल तेल किंवा कंडिशनर भरपूर मुरवा. अर्धा तास थांबा. मुळाकडचे केस एका हातात घट्ट धरा, म्हणजे पोरीला ओढ लागत नाही. दुसऱ्या हाताने टोकाकडून बोटांनी एकेक धागा मोकळा करा. कंगवा शेवटी.

बोटाएवढी लहान जट झाली असेल तर तिला तेल मुरवून बोथट टोकाच्या कात्रीने उभी चीर द्या. आडवी कापू नका. दोन-तीन उभ्या चिरा दिल्या की ती सुटी होते आणि बरेच केस वाचतात.

जुनी, मोठी, कडक जट सुटत नाही. ती कापावीच लागते. कापताना रक्त येत नाही, दुखत नाही, कारण केसाच्या दांड्यात ना रक्त असते ना नस. टाळूपासून बोटभर अंतर राखून कापा. नंतर डोके कोमट पाण्याने आणि शाम्पूने धुवा. टाळूवर फोड किंवा जखम दिसली तर दवाखान्यात दाखवा. सहा महिन्यांत सहा सेंटिमीटर केस येतात आणि वर्षभरात छोटी वेणी बसते.

उवा असतील तर घरातल्या सगळ्यांचे डोके तपासा. मेडिकलमध्ये परमेथ्रिन एक टक्क्याचे औषध मिळते. ते डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारून लावा. दहा मिनिटांनी धुवा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. मधल्या दिवसांत ओल्या केसात बारीक फणी फिरवा. रॉकेल मात्र कधीही लावू नका. टाळू भाजते, आणि चूल पेटती असेल तर जीव जातो.

जट असलेल्या बाईशी बोलताना हसू नका, धमकावू नका. ती वर्षानुवर्षे भीतीत जगलेली असते. 'कापली आणि काही झाले तर?' हा तिचा प्रश्न खरा असतो. तिच्याजवळ बसा. जिने जट कापून घेतली आहे अशा एखाद्या बाईची गाठ घालून द्या, शंभर भाषणांपेक्षा ते कामाला येते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत घालून, पैसे न घेता जटा काढून देतात. तिच्या संमतीनेच कात्री चालवा. कापल्यानंतर पंधरा दिवस तिच्या घरी जात राहा. त्या दिवसांत घरात कुणाला साधा ताप आला तरी दोष जटेवर येतो. तेव्हा कुणीतरी शेजारी उभे असायला हवे.

दवाखान्यात केव्हा जायचे?

मूठभर केस जाऊ लागले, टाळूवर गोल टक्कल पडले, खपल्या किंवा पू दिसला, तर घरगुती उपाय करत बसू नका. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा आपोआप थांबतात. पण सोबत धाप लागत असेल, डोळ्यांची पापणी आतून फिकट दिसत असेल, तर रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळले आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. आशाताईंना विचारा. केस प्रथिनाचा असतो, म्हणून डाळ, अंडी, मासे, सुकट, शेंगदाणे, हिरव्या पालेभाज्या पोटात जायला हव्यात. ताट रिकामे असेल तर बाटलीतल्या तेलाने केस वाढत नाहीत.

आता त्या आजीकडे परत येऊ. तिला रागावू नका. तिने तिच्या काळात काय पाहिले असेल ते तिलाच ठाऊक. तिच्या हातात खोबरेलाची वाटी द्या, पोरीला तिच्यापुढे बसवा आणि म्हणा, "आजी, तूच सोडव." तो गुंता तिच्याच बोटांनी सुटला की तिच्या मनातली गाठही सैल होईल.

जयभीम. नमो बुद्धाय.